मी लावलेली काकडीची लग्नं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का. नंतर मध्येच हसलात तर चहा नाकातून येईल आणि दोष मला द्याल. कारण हा घोटाळा ऐकून आमच्या घरात पायाला प्लास्टर घातलेली एक बाई इतकी हसली, की शेवटी डॉक्टरांना फोन करून विचारावं लागलं, हसण्यानं प्लास्टर हलतं का हो?

तर मी निवृत्त मास्तर. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यातही फुलाची रचना म्हणजे माझा हातखंडा! जास्वंदीचं फूल मधोमध कापलेलं असं काही फळ्यावर काढायचो, की मागच्या बाकावर झोपलेली पोरं उठून बसायची. परागकण कसा उडतो, कुक्षीवर कसा बसतो, तिथून नळी कशी खाली उतरते... अहो, मी शिकवायला लागलो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्वतः त्या नळीतून खाली जाऊन आलाय!

एवढा मी फुलांमधला शहाणा. आणि एका काकडीनं माझी पार शोभा केली.

आमची थोरली वहिनी लासूर स्टेशनपासून थोडं आत, गावाकडच्या शेतात राहते. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला. सगळे तिला म्हणाले, आता शहरात चल. ती म्हणाली, "शहरात माझ्या म्हशीला कोण वळखतंय?" विषय संपला.

आणि साठी ओलांडल्यावर या बाईनं काय करावं? शेतात दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं! पांढऱ्या प्लास्टिकच्या कागदाचं ते एवढं मोठं प्रकरण बघून गावातले लोक म्हणाले, म्हातारीनं कागदाचं मंगल कार्यालय बांधलंय. वहिनीनं कुणाला उत्तर दिलं नाही. आधी त्यात ढोबळी मिरची काढून दाखवली. मग या वर्षी पहिल्यांदाच हायब्रीड काकडी लावली. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली होती. वही-पेन घेऊन. सातवी शिकलेली बाई!

या वहिनीबद्दल एक गोष्ट सांगितली नाही, तर पुढं मी जो मूर्खपणा केला तो का केला, ते तुम्हाला कळणार नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई आधीच गेलेली. वडील म्हणत होते, चौथी झाली, बास, आता गुरं राखू दे. आणि ही नवी नवरी, जिनं अजून घरातली सगळी माणसंसुद्धा नीट पाहिली नव्हती, ती पदराआडून सासऱ्यांना म्हणाली, "गुरं मी राखते. भावजींना साळंत जाऊ द्या."

आणि राखली हो तिनं! मी दहावी होईपर्यंत राखली. मी शेंबडा पोर, पण मी तिचा दीर म्हणून मला 'तुमी' म्हणायची. मी मात्र तिला पहिल्यापासून 'तू' म्हणतो. आई असती तर आईला म्हणालो असतो, तसं.

तर अशी ही वहिनी पॉलिहाऊसजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. तिला मी संभाजीनगरला आमच्या घरी आणलं. प्लास्टर झालं, डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं, आणि आमच्या सौभाग्यवतींनी तिचा ताबा घेतला. पण वहिनीचा जीव कुठं? काकडीत!

"भावजी, फुलं लागायची येळ हाय. मथुरा सगळं करती, पाणी, खत, समदं तिला ठावं हाय. तुमी निस्तं जाऊन ऱ्हावा. घरचं माणूस असलं की बरं असतं."

"अगं, तू काळजीच करू नको."

"आन दार लावून घेत जावा. आत एक माशीबी जाऊ देऊ नगा."

आता माशी म्हणजे कुठली माशी? मी म्हटलं, पांढरी माशी असणार. ती रोग पसरवते. मधमाशी वहिनीच्या बोलण्यात असूच शकत नाही, असा मी अर्थ काढला. अर्थ काढण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

"पहिला माल शेंद्र्याला जायचाय," ती पुढं म्हणाली. "तिथल्या एका कारखान्याच्या कँटीनवाल्यानं कबूल केलंय. माल पसंत पडला तर रोजची काकडी आपलीच. गावात समद्यांना सांगून बसलेय मी, भावजी."

हे शेवटचं वाक्य ती जरा हळूच बोलली. ते मला लागलं. मनात म्हटलं, हिनं माझ्यासाठी गुरं राखली, आपण हिची काकडी राखू. जीव गेला तरी बेहत्तर!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनला उतरलो आणि थेट शेतात.

मथुराबाई दारातच भेटली. ही वहिनीचा उजवा हात. पन्नाशीची, काटक, आणि तोंडाची भारी तिखट. मला बघून म्हणाली, "या मास्तर. आक्कांचा पाय कसाय?"

"बरा आहे. चल, दाखव मला सगळं."

आत गेलो. काय देखणा प्रकार होता म्हणून सांगू! वरून दोऱ्या सोडलेल्या, त्या दोऱ्यांना धरून वेली चढत होत्या. छातीएवढ्या झाल्या होत्या, आणि पानाआड पिवळी पिवळी फुलं. एकतीस वर्षं फळ्यावर खडूनं फुलं काढणारा माणूस मी. खाली बसलो, चष्मा पुसला आणि पहिलं फूल हातात धरलं.

मादी फूल. मागं इवलीशी काकडी, म्हणजे अंडाशय. छान.

दुसरं पाहिलं. मादी. तिसरं. मादी. चौथं, पाचवं, दहावं... मादी, मादी, मादी! मी ओळीओळीनं हिंडलो. गुडघ्यावर हिंडलो. सगळं पॉलिहाऊस पालथं घातलं. एक नर फूल सापडेल तर शपथ! हे पॉलिहाऊस होतं की मुलींचं वसतिगृह?

आणि वर पाहिलं, तर चारी बाजूंनी जाळी. मधमाशी सोडा, डासाला आत यायचं तर चिठ्ठी लागावी.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नर नाही, मधमाशी नाही, म्हणजे परागीभवन नाही. परागीभवन नाही, म्हणजे फळ नाही. वहिनीला कुणीतरी बोगस बी देऊन फसवलं होतं!

"मथुराबाई," मी गंभीर आवाजात म्हणालो, "इथं एकही नर नाही."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "तुमी हायसा की."

"अगं, फुलांत! नर फुलाशिवाय काकडी लागायची कशी?"

"ह्या काय, लागल्या की," तिनं फुलामागची बारकी काकडी दाखवली. "आक्का म्हणल्यात, आपोआप वाढत्यात."

"आपोआप काही होत नसतं, मथुराबाई! ही काकडी नव्हे, हे अंडाशय. दोन दिवसांत पिवळं पडून गळतं की नाही बघ!"

आणि घ्या! दुसऱ्या दिवशी चार-पाच बारक्या काकड्या खरंच पिवळ्या पडून गळाल्या. कुठल्याही वेलीवर थोड्या गळतातच हो! पण मला काय तेवढं निमित्त पुरलं. मी त्या तळहातावर घेऊन मथुराबाईला अशा दाखवल्या, जशा काही मीच गाळल्या होत्या.

तिनं त्या गळालेल्या काकड्यांकडं पाहिलं. "आता तुमी यवढे शिकलेले," म्हणाली. "तुमाला ठावंच असंल."

याच वाक्यानं माझा घात केला बघा. त्या क्षणी कुणीतरी म्हणायला हवं होतं, मास्तर, एक फोन करून विचारा. पण मास्तरला कोण विचारायला सांगणार? मास्तर सांगतो, विचारत नाही. आणि वहिनीला विचारायचं नाही, हे तर मी पक्कं ठरवलं होतं. तिथं प्लास्टरमध्ये पडलेल्या बाईला, तुझं बी बोगस निघालं म्हणून कसं सांगायचं? मथुराबाईलाही मी म्हशीची शपथ घातली. आक्कांना अक्षर सांगायचं नाही!

आता नर आणायचे कुठून? शेजारचं शेत शकीलभाईंचं. गावातला भाजीपाला शहरात पोचवायचा त्यांचा टेम्पो आहे. वहिनीला ते 'भाबी' म्हणतात आणि तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत. त्यांच्या बांधावर गावरान काकडीच्या वेली पसरलेल्या मी पाहिल्या होत्या. तडक गेलो.

"शकीलभाई, मला नर पाहिजेत."

त्यांनी दाढी खाजवली. "कित्ते होना?"

"दोनशे तरी."

"दो सौ?" ते उडालेच. "मास्टर साब, मेरे पास एकइच बकरा है!"

"बकरा नको हो! फुलं! काकडीची नर फुलं!"

"फूलां में भी नर-मादी रैते?"

झालं! मला काय, वर्गच मिळाला. तिथंच बांधावर मी त्यांना अर्धा तास शिकवलं. शकीलभाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "तोड लेव मास्टर साब, कित्ते भी तोड लेव. भाबी का काम है ना?" पुढं रोज सकाळी फुलांची टोपली त्यांनी स्वतः भरून आणून दिली.

मग काय विचारता! सकाळी उन्हं यायच्या आत मी टोपली घेऊन आत शिरायचो. एक नर फूल घ्यायचं, पाकळ्या सोलायच्या, आतला परागाचा दांडा मादी फुलाला हळूच टेकवायचा. पुढचं फूल. पुढची वेल. खाली वाका, वर उठा, खाली वाका. साठीतला माणूस मी! पहिल्या दिवशी संध्याकाळी खाटेवर बसलो ते मथुराबाईनं हात देऊन उठवेपर्यंत उठलोच नाही.

"काय चालवलंय हे मास्तर? यक-यक फूल धरून काय करायलात?"

"लग्न लावतोय, मथुराबाई!"

हे मी गमतीनं म्हटलं. पण रात्रीपर्यंत वस्तीवर झालं की, आक्काचा दीर काकडीची लग्नं लावायलाय. दुसऱ्या दिवशी सहा बाया बघायला हजर! म्हटलं, नुसतं बघता काय, हात लावा. एकेकीच्या हातात फुलं दिली, पद्धत शिकवली. आणि बाया अशा रंगात आल्या म्हणता!

"ही बग माझी ठकी, हिला चांगल्या घरचा नवरा दे."

"अगं ह्यो नवरा सुकलाय! दुसरा काढ."

"आमची उंच हाय, हिला बसक्या येलीचा नवरा नगं!"

कुणी उखाणे घ्यायला लागली, कुणी 'शुभमंगल सावधान' म्हणायला लागली. लोकांनी ज्याला कागदाचं मंगल कार्यालय म्हटलं होतं, तिथं मी खरोखरच वऱ्हाड जमवलं!

संध्याकाळी वहिनीचा फोन यायचा.

"भावजी, कसं चाललंय?"

"एकदम झकास. आज दोनशेचं उरकलं."

"कशाचं?"

"अगं, सगळं जुळवून आणलंय मी. तू बघशीलच."

"आन त्या मागून बाया हसायल्यात कशाच्या?"

"मदतीला आल्यात. तुझ्या जिवाला किती जीव देतात गं या!"

हे मात्र अगदी खरं होतं. सहाजणी आपापली कामं टाकून येत होत्या. का? तर आक्काचं पहिलं पीक. बाकी कुणी काही विचारलं नाही.

पण माझी हौस एवढ्यावर भागते का? चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, आपण सात माणसं किती फुलं करणार? निसर्गानं हे काम ज्यांना दिलंय, त्यांनाच ते करू द्यावं. म्हणून मी काय केलं असेल? पॉलिहाऊसची दोन्ही दारं सताड उघडली, दगड लावून ठेवली. बाजूच्या जाळ्या गुंडाळून वर बांधल्या. आणि मधमाश्यांना बोलावणं म्हणून दारात परातीत गुळाचं पाणी!

"मास्तर, आक्का म्हणल्या हुत्या, दार..." मथुराबाई हळूच म्हणाली.

"ते पांढऱ्या माशीबद्दल. ही आपली पाहुणी आहे."

पाहुण्या आल्या हो! आधी दोन, मग दहा, मग आख्खं पॉलिहाऊस गुणगुणायला लागलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आयुष्यभर फळ्यावर शिकवलं ते आज कुठं कामाला आलं. वहिनीच्या उपकारातलं तिळाएवढं तरी फिटलं.

आठवड्यानं फळं भरली. आणि काय भरली! वर देठापाशी बारीक, आणि खाली हा गरगरीत गोळा. काही वाकड्या, काही बाकदार, काहींचं तर पोट असं सुटलेलं, की जेवणावळीतून उठून आल्यासारख्या. मला वाटलं, बाळसं धरलंय! क्रेट भरले. शकीलभाई टेम्पो घेऊन आले, त्यांनी एक काकडी उचलली, उलटीसुलटी केली.

"मास्टर साब," ते जरा चाचरत म्हणाले, "ये ककडी का पाँव भारी है क्या?"

"अहो, हायब्रीड आहे ती!"

"हौ, हायब्रीड होएंगी," ते म्हणाले आणि मुकाट्यानं शेंद्र्याला गेले.

दुपारी टेम्पो परत आला. मी आनंदानं पुढं झालो, तर मागं सगळे क्रेट जसेच्या तसे.

"काय झालं?"

शकीलभाई आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, "वो कँटीन का आचारी बोल्या, मेरेकू सलाद कापना है, तालीम नै खोलना. ये मुगदर वापस ले जाव बोल्या."

सहा बाया, मथुराबाई, सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला ना, घाम फुटला. आणि घाम फुटलेला मास्तर काय करतो? रागावतो! वहिनीनं ज्या रोपवाटिकेतून रोपं आणली होती तिथं फोन लावला आणि असा तडकलो, असा तडकलो! बोगस बी, नर नाही, गरीब बाईची फसवणूक, मी जीवशास्त्राचा मास्तर आहे, मला शिकवू नका...

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, उद्या येऊन बघते."

आली. स्कूटीवर, पंचविशीतली, स्नेहल नाव. कृषीची पदवी झालेली. आधी तिनं ती दगड लावून ठेवलेली दारं पाहिली. मग गुंडाळलेल्या जाळ्या. मग गुळाच्या पाण्याची परात. मग गुणगुण ऐकत थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"सर, या मधमाश्या आत कशा आल्या?"

"मी बोलावल्या," मी छाती काढून सांगितलं. "त्याआधी आम्ही हातानंही परागीभवन केलं. शेजारून नर फुलं आणून!"

"गावरान काकडीची?"

"गावरान! एकदम अस्सल!"

तिनं खालचा ओठ दातांत धरला. बहुतेक हसू दाबलं असावं. मग एक गरगरीत काकडी घेतली, चाकूनं उभी चिरली. आत ठासून बिया.

"सर, हिच्यात बी असायलाच नको होतं," ती म्हणाली. "ही बिनबियांची जात आहे. हिला सगळी मादीच फुलं येतात, तशीच तयार केलीय ती. परागाची गरजच नाही. फळ आपोआप वाढतं. उलट पराग पडला की बी धरतं, आणि मग काकडी अशी बेढब फुगते. म्हणून तर जाळी, म्हणून तर दार बंद."

मग मथुराबाईच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हंजे या पोरी बिनलग्नाच्याच सुखात हुत्या," ती म्हणाली, "आन आपुन घरात घुसून त्यांची लग्नं लावली?"

त्या सहाजणी जमिनीवर बसून हसल्या हो! एकीला तर ठसका लागला.

स्नेहल मला समजवायला लागली, "याला पार्थेनोकार्पी म्हणतात, सर. मराठीत काय म्हणतात मला नाही माहीत."

"अनिषेकफलन," मी म्हणालो.

माझ्या तोंडातून तो शब्द आपोआप बाहेर पडला, आणि मी जागच्या जागी थिजलो. अहो, व्याख्या लिहा, दोन गुण! निषेचनाशिवाय होणाऱ्या फळधारणेस अनिषेकफलन म्हणतात. उदाहरणार्थ, केळं. किती पोरांना वहीत उतरवून दिलं मी हे! ज्यांनी उदाहरण लिहिलं नाही त्यांचा अर्धा गुण कापला. शब्द सगळा माझ्याजवळ होता. पण तो केळ्यापाशीच बसून राहिला, काकडीपर्यंत आलाच नाही.

"सर, वेली चांगल्या आहेत," स्नेहल म्हणाली. माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "ही फुगलेली फळं सगळी काढून टाका, म्हणजे वेलींचा जोर त्यात जाणार नाही. आज संध्याकाळी माश्या बाहेर गेल्या की जाळ्या आणि दारं बंद करा. आत आत्ता उमललेली फुलंही तोडा. नवी फुलं येतील त्यांच्या सरळ काकड्या येतील. बारा-पंधरा दिवस धीर धरा."

फोनवर मी तिला वाट्टेल ते बोललो होतो. त्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "राहू द्या सर. इतक्या मेहनतीनं चूक केलेली मी पहिल्यांदाच पाहिली." आता हे कौतुक होतं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण वहिनीला सांगायचं होतं. ते फोनवर कसं सांगणार? एक गरगरीत काकडी पिशवीत घातली आणि घरी गेलो. वहिनी खाटेवर पाय उंच करून बसली होती. मी काकडी तिच्यापुढं ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. नर, बकरा, टोपली, लग्नं, परात, मुगदर. सगळं.

ती आधी नुसती बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मग खाट हलायला लागली. मग ती अशी हसली, की आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पळत आल्या, आणि कारण कळल्यावर त्याही तिच्याशेजारी बसून हसायला लागल्या. डॉक्टरांना फोन केला तो याच वेळी. ते म्हणाले, हसू द्या, पाय हलवू नका.

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तुझं पहिलं पीक मी घालवलं गं."

"पीक कुटं गेलं? येली हायत ना जागेवर?" तिनं डोळे पुसले. मग माझ्याकडं निरखून पाहिलं. "दोन-दोनशे फुलांपुढं रोज वाकलासा व्हय तुमी? या वयात?"

मी नकळत गुडघा चोळला.

"जाऊबाय," तिनं हाक मारली, "थोडं त्याल गरम करून आणा. भावजींचे गुडघे दुखत असतील."

तेलाची वाटी आली तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, उगाच. रस्त्यावर बघायला काही होतं म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी शेतात परत गेलो तर वाटलं होतं, एकटा मी आणि काढायला एवढी फळं. बघतो तर सहाही बाया आधीच आत. मथुराबाईनं दारं लावून घेतली होती. आणि शकीलभाई रिकामे क्रेट उतरवत होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मै कल श्याम कू शेंदरे जाके आया. आचारी कू बोल्या, मालकीण का पाँव टूट्या है, मास्टर साब नए है, पंद्रा रोज की मोहलत देव. दिया उनो."

"शकीलभाई, तुम्ही कशाला तसदी..."

"कैकू नै? भाबी का काम है ना?"

काढलेल्या काकड्यांचं काय केलं म्हणता? मथुराबाईनं बिया काढून काकडी किसली, ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ-तीळ घालून कालवली आणि शेतातच चूल मांडून धपाटे लावले. सोबत वहिनीच्याच म्हशीचं दही. सहा बाया, शकीलभाई आणि मी, सगळे दारासमोर बसून जेवलो. ज्या काकड्यांनी माझी अब्रू घेतली त्याच मी चार-चार धपाट्यांतून खाल्ल्या. आणि खरं सांगू? इतकं गोड जेवण मी कुठल्या लग्नात जेवलो नाही. उरलेल्या काकड्या घरोघर गेल्या. आठवडाभर सगळी वस्ती कोशिंबीर खात होती आणि मला दिसेल तिथं विचारत होती, "मास्तर, पुढचा मुहूर्त कधी?"

पण एकानंही, एकानंही माझ्यावर आवाज चढवला नाही हो. मी ज्यांचं ऐकलं नव्हतं त्यांनीच माझं निस्तरलं. मी आयुष्यभर वर्गात चुकणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. या माणसांनी मला धपाटा वाढला आणि वर दही घातलं.

पंधरा दिवसांनी नव्या काकड्या आल्या. सरळ, हिरव्यागार, एका मापाच्या, आत बी नाही. शकीलभाई त्या घेऊन गेले. दुपारी टेम्पो आला तो रिकामा आला, आणि शकीलभाईंनी लांबूनच हॉर्न वाजवला. आचाऱ्यानं रोजचा माल सांगितला होता. मी मथुराबाईला वाकून नमस्कार केला. ती लाजून म्हणाली, "मला काय करता, येलींना करा. त्यांनी लई सोसलंय."

वहिनी काठी टेकत घरी परतली, तेव्हा मीच सोडायला गेलो होतो. तिनं पॉलिहाऊसभर हळूहळू फिरून पाहिलं, एकेका वेलीला हात लावला. बाहेर आली आणि मला म्हणाली, "भावजी, दारावर एक पाटी पायजे. आमच्यात कुणाचं अक्षर धड नाय. तुमी लिवता का?"

मला काय आनंद झाला! म्हटलं, अजून हिला माझा काही उपयोग वाटतो. पत्रा आणला, पांढरा रंग दिला, तो वाळल्यावर लाल रंगाचा डबा उघडून बसलो. "सांग, काय लिहू?"

वहिनीनं काठीवर दोन्ही हात ठेवले आणि एकेक शब्द सांगितला. मथुराबाई, शकीलभाई आणि त्या सहाजणी मागं उभ्या राहून ऐकत होत्या. मीही इमानदारीनं, एकही काना-मात्रा न चुकवता, ठळक अक्षरात लिहिलं. ती पाटी आजही तिथं आहे, लासूरकडं आलात तर जरूर बघा:

'पांढरी माशी, मधमाशी आणि मास्तर यांना आत येण्यास सक्त मनाई आहे.'